तेंदूच्या पानातली सिगार

आमच्या घरात धूर दोनच प्रकारचा. एक चुलीचा, दुसरा बाबांच्या विडीचा. चुलीतून धूर निघाला म्हणजे आज काहीतरी शिजतंय. ज्या दिवशी निघत नसे त्या दिवशी शेजारच्या छपराकडे बघायचं नाही, हे मायनं आम्हा भावंडांना शिकवून ठेवलं होतं. आलापल्लीच्या अलीकडे, जंगलाला लागून आमचं गाव. चांगल्यातल्या चांगल्या सागाचे ओंडके ट्रकांत भरून आमच्या दारावरून जात. आमच्या घराला मात्र दार नव्हतं, पोतं होतं. शेती नव्हतीच. पावसाळ्यात दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणी, हिवाळ्यात कापणी, उन्हाळ्यात मोह आणि तेंदू. मे महिन्यात उजाडायच्या आत सगळं घर जंगलात जायचं. पानं तोडायची, घरी आणून पुडे बांधायचे, दुपारी फळीवर, म्हणजे पानं विकत घेतात त्या मैदानावर, नेऊन द्यायचे. हाताला पानाचा चीक लागून बोटं काळी व्हायची. ती जूनपर्यंत धुतली तरी काळीच. शाळा उघडली की मास्तर हात पुढे करायला लावत आणि विचारत, "काय गं, हात धुतले नाही काय?" मी सांगायची, "धुतले गुरुजी. हा रंग पगाराचा आहे."

आमच्या पानांत सारा देश तंबाखू गुंडाळून ओढतो, हे मला ठाऊक होतं. पण धूर मजेसाठी असतो, कुणी एक संध्याकाळ त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवतं, हे मला चंद्रपूरला गेल्यावर कळलं. ते मला एका म्हाताऱ्या बाईनं दाखवलं.

कॉलेजात नाव घातलं तेव्हा खोली मिळेना. पठाणपुरा दरवाज्याच्या आतल्या गल्ल्यांत मी आणि बाबा फिरत होतो. खोली रिकामी असायची, मग आडनाव विचारलं जायचं, मग खोली रिकामी नसायची. बाबा प्रत्येक ठिकाणी "बरं बरं" म्हणून हात जोडत. मला त्या हात जोडण्याचा राग येत होता. शेवटी एकानं सांगितलं, जुन्या किल्ल्याच्या परकोटाला लागून सिस्टरबाईचं घर आहे, ती विक्षिप्त आहे, बघा.

सिस्टरबाई म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. मूळची सिरोंच्याकडची, बोलण्यात तेलुगूची लय. जन्म मात्र चंद्रपुरात बाळंतपणं करण्यात गेलेला. उंच, काळी, पांढरं पातळ, पायात पुरुषी चपला. तिनं आडनाव विचारलं नाही. आत गेली, एक चपटी लाकडी पेटी घेऊन आली, झाकण उघडलं आणि माझ्या नाकाखाली धरली.

"वास घे. काय आहे सांग."

बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी वास घेतला. लाकडाचा होता, पण सागाचा नव्हता. त्याखाली काहीतरी ओळखीचं होतं. म्हटलं, "फळीचा वास आहे. वाळलेल्या पानांचा. पाणी शिंपडल्यावर येतो तसा."

"याच्याआधी दोन पोरी आल्या होत्या," ती बाबांना म्हणाली. "एक म्हणे अगरबत्ती. दुसरी म्हणे, मले सर्दी आहे. हिचं नाक आहे भाऊ. सामान आणा."

"बाई, आमी जयभीमवाले हाओ," बाबांनी आपणहून सांगून टाकलं. नंतर भांडण नको म्हणून.

"मी काय विचारलं काय? पोरी, धुराचा खोकला येते काय तुले?"

"चुलीपाशीच वाढली मी," मी म्हटलं.

"मग झालं."

पेटीत सिगारी होत्या. खऱ्या, परदेशातल्या, एकेकीच्या कमरेला सोनेरी-लाल कागदाची अंगठी घातलेल्या. गल्ली त्यांना चिरूट म्हणायची आणि बाईला विक्षिप्त म्हणायची ती त्यांच्यापायीच.

तिच्या सिरोंच्याकडे बायांनी चुट्टा, म्हणजे तंबाखूच्या पानाची जाड विडी, ओढण्यात नवल नाही. "आमची अम्मम्मा, मायची माय, तं पेटलेलं टोक तोंडात ठेवून भात रांधे," ती सांगायची. पण सिगारीची गोडी तिला लावली दवाखान्यातल्या एका जुन्या सर्जननं. एका अवघड बाळंतपणानंतर तो व्हरांड्यात सिगार पेटवत होता. त्यानं दुसरी काढून तिच्यापुढे धरली आणि म्हणाला, "सिस्टर, आज ही तुम्ही कमावली." तेव्हापासून तिचा कायदा ठरला तो ठरला. कमावल्याशिवाय सिगार पेटवायची नाही. एरवी महिनोन्‌महिने ती काही ओढत नसे. पेटी उघडायची, वास घ्यायची, बंद करायची. मी एकदा विचारलं, "बाई, मन झालं तर ओढून टाकावी ना एखादी."

"मन होते त्याच्यासाठी विडी आहे," ती म्हणाली. "दुःखातही विडी चालते. विडी काहीही ऐकून घेते. सिगारले सुख लागते. सुख नसलं तं ती नुसती कडू लागते."

आणि स्वतःची कमाई तिनं केव्हाच सोडून दिली होती. निवृत्तीनंतर सिगार पेटायची ती दुसऱ्यांच्या कमाईवर. तिच्या हाताखाली शिकलेली एखादी पोरगी नर्स झाली, गल्लीतल्या विधवेनं स्वतःच्या हिमतीवर पिठाची चक्की टाकली, की बाई त्या दिवशी चार वाजता अंगणात लाकडी खुर्ची टाकायची, तोंड परकोटाच्या भिंतीकडे. जिची कमाई तिनं समोर बसायचं. हा मानच होता. नवीन माणसाला तो शिक्षेसारखा वाटे, कारण दीड तास बोलायचं नाही.

पेटवण्याचा विधी मी अनेकदा पाहिला नाही, पण पाहिला तो विसरले नाही. टोक कापायला तिची नाळ कापायची कात्री. "हिनं कापलेलं वाया जात नाही," म्हणायची. लायटर चालायचा नाही, त्याला घासलेटचा वास. आगपेटीची काडीही थेट नाही. आधी काडीवर सागाची चिरफळी पेटवायची, गुलाचा वास उडून जाऊ द्यायचा, मग त्या ज्योतीवर सिगार धरायची, लागू द्यायची नाही. सावकाश फिरवत राहायची. बाळाला शेक देतात तशी. पहिला धूर निघाला की डोळे मिटायचे. धूर ती कधी छातीत घेत नसे. तोंडात ठेवायची, फिरवायची, सोडायची. राख झटकायची नाही; चांगल्या सिगारीची राख बोटभर उभी राहते आणि पांढरी असते, आणि काळी राख पडली तर कुणीतरी घाई केलेली असते, असं तिचं म्हणणं.

मध्येच डोळे मिटूनच ती सांगायची, "आता तणसासारखी आहे." मग बऱ्याच वेळानं, "आता भाजलेला मोह." मग, "चारोळी फोडली कोणीतरी." हे कोणाला उद्देशून नसे. मी खिडकीत पुस्तक घेऊन बसलेली असे आणि माझ्या तोंडात मोहाची चव येई. आमच्या घरी मोह भाजून खायचो ते भूक होती म्हणून. तिच्या तोंडून तोच मोह ऐकला की वाटायचं, आपण काहीतरी मोठं खाऊन वाढलो.

शेवटचा तिसरा हिस्सा ती कधी ओढत नसे. बशीत ठेवून द्यायची, आपोआप विझू द्यायची. "तिचं तिले राहू द्यावं. सारंच घेऊ नये." मग कागदाची अंगठी हलकेच काढून समोरच्या बाईच्या बोटात घालायची. चक्कीवाल्या विधवेनं ती अंगठी पिठाच्या डब्याला चिकटवून ठेवली होती, मी स्वतः पाहिली.

शेजारचे एक काका होते. ते एकदा कुंपणावरून म्हणाले, "सिस्टरबाई, बाईमाणसानं चिरूट ओढणं शोभते काय? पोरंसोरं पाहून राह्यली."

बाईनं डोळे उघडले नाहीत. "तुझी तिन्ही पोरं याच हातानं ओढून काढली म्या. तिसरा तं उलटा होता, बापावर गेला. आता हात काय धरते ते तू मले शिकवून राह्यला?"

काका त्यानंतर कुंपणाशी आले नाहीत. पोरं मात्र रोज येत.

ही पेटी तिला आणून द्यायचा तो एक जहाजावरचा अधिकारी होता. जन्मला तेव्हा निळा पडलेला होता, डॉक्टरनं बाजूला ठेवायला सांगितलं होतं. बाईनं तोंडाला तोंड लावून त्याच्यात श्वास घातला. तो मोठा होऊन समुद्रावर गेला. सुट्टीवर आला की दिवाळीच्या सुमारास ऑटोनं यायचा, पाया पडायचा, पेटी ठेवायचा. मी राहायला गेले त्याच्या आदल्या वर्षी तो शेवटचा आला होता. त्यानं तिकडेच कुठेतरी घर केलं होतं. बाई त्याच्याबद्दल वाईट बोलत नसे. पण दिवाळी जवळ आली की गल्लीत ऑटो थांबल्याचा आवाज झाला रे झाला, की तिच्या हातातलं काम थांबायचं. ऑटो पुढे जायचा. मग ती म्हणायची, "सायलेन्सर खराब आहे त्याचा," आणि पुन्हा कामाला लागायची.

पेटी अशी संपत आली. चंद्रपूरचा उन्हाळा म्हणजे भट्टी. त्यात सिगार वाळून तडकते. म्हणून ती पेटी स्टीलच्या डब्यात ठेवायची आणि सोबत कवेलूचा, म्हणजे छपराच्या कौलाचा, एक तुकडा पाण्यात बुडवून, पुसून. कवेलू ओलावा धरून ठेवतो, हळूहळू सोडतो. रोज सकाळी चहाच्या आधी कवेलू ओला करणं हे तिचं पहिलं काम. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला गेले तेव्हा डब्यात एकच सिगार उरली होती.

त्या वर्षी एक नवीन नर्स पास होऊन पेढे घेऊन आली. बाईनं पेढा खाल्ला, तिला जवळ घेतलं, पण खुर्ची काही टाकली नाही. नर्स गेल्यावर मला म्हणाली, "आता जे आहे ते तुझं आहे. तू बी.ए. होशीन त्या दिवशी. त्याच्याआधी कलेक्टर जरी आला तरी पेटणार नाई."

मला आनंद झाला आणि धास्तीही वाटली. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. माझ्यासाठी कुणी काही राखून ठेवलंय, हेही पहिल्यांदाच होत होतं.

परीक्षा लांबत लांबत मे महिन्यात गेली, ऐन तेंदूत. आणि माय तेंदूचा हंगाम सोडून चंद्रपूरला आली. ज्यांच्या घरी वर्षाची मीठमिरची त्या पंधरा-वीस दिवसांत निघते त्यांनाच कळेल हे काय सोडणं आहे. "पोरगी पेपरले जाईन का सैपाक करन," एवढंच ती म्हणाली. नेमकं त्याच आठवड्यात बाईच्या भाच्याचं लग्न निघालं आणि ती सिरोंच्याला गेली. जाताना किल्ल्या माझ्याकडे दिल्या. "कवेलू तेवढा ओला ठेवजो."

माय म्हणाली, "तू अभ्यास कर. मी पायतो."

आता मायची बाजू सांगायला पाहिजे. तिनं डबा उघडला तेव्हा तिला दिसलं पान. तपकिरी, कडक, हाताला करकरणारं. पान म्हणजे तिचा प्रांत. फळीवर वाळलेले पुडे पोत्यात भरायच्या आधी त्यांच्यावर पाणी शिंपडतात, झाकून ठेवतात; पान नरम पडलं नाही तर भरताना चुरा होतो आणि हंगामाची माती होते. तिनं तेच केलं. बाईनं आपल्या लेकीला घर दिलं, तर बाईचं पान आपण नीट ठेवावं. सिगारीवर चांगलं पाणी शिंपडलं, ओल्या पोत्याच्या तुकड्यात गुंडाळली, वर पाटा ठेवला. रोज सकाळी पुन्हा शिंपडलं. मी वरच्या खोलीत राज्यशास्त्र पाठ करत होते.

बाई परत आली, चपला काढल्या, हातपाय धुतले आणि डब्याकडे गेली. माय अभिमानानं मागे उभी होती. "लय कडक झालं होतं बाई. आता नरम केलं."

सिगार फुगून दुप्पट झाली होती. वरचं पान लांबच्या लांब उकललं होतं, आत पांढुरकी बुरशी दिसत होती. सोनेरी अंगठी सुटून पोत्याला चिकटली होती आणि तिचा लाल रंग पोत्यात उतरला होता.

बाई खाली बसली. खुर्चीवर नाही, जमिनीवर. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं ती सिगार दोन्ही हातांवर घेतली. मी पुढे काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक मायवर ओरडले. बाईनं मला हातानंच गप्प केलं.

"तुमच्याकडे पान असं भिजवतेत?" तिनं मायला विचारलं.

मायला आता कळलं होतं. तिचा चेहरा उतरला. तिनं फळीचं सगळं सांगितलं, शिंपणं, झाकणं, भरणं. बाई ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "त्याची शेवटची होती," ती म्हणाली. "तो आता येत नाई."

मग माय पुढे सरकली. माझ्या मायचं माहेर भंडाऱ्याकडचं, तिथं घरोघर विड्या वळतात. लग्नाआधी तीही वळायची. ती म्हणाली, "बाई, रडू नका. आतलं मरत नाई एवढ्यानं. वरचं पान फाटलं तं दुसरं लावू. विडी फुटली तं फेकते काय कोणी?"

बाबांसाठी विड्या वळून न्यायला आणलेली तेंदूची चांगली पानं तिच्या पिशवीत होती. तिनं सिगार आधी दोन दिवस सावलीत वाळू दिली, बुरशी कोरड्या फडक्यानं पुसली, फाटलेलं पान जेवढं बसेल तेवढं बसवलं. मग तेंदूचं पान भिजवून, कात्रीनं तिरपं कापून, वरून गुंडाळलं आणि लाल सुतानं बांधलं. कात्री बाईचीच, नाळेची. बाईनं ती स्वतःहून दिली. मायची काळी बोटं चालत होती आणि बाई चष्मा लावून वाकून बघत होती, ऑपरेशन टेबलावर बघावं तशी. शेवटची गाठ बसली तेव्हा म्हणाली, "टाका चांगला घातला."

ती वस्तू आता सिगार दिसत नव्हती. विडीच्या आजोबासारखी दिसत होती. बाईनं ती कवेलूसोबत डब्यात ठेवली. रंग गेलेली अंगठी पुस्तकात दाबून सरळ केली. "जगते का मरते, पाहू. तुझ्या निकालापर्यंत टिकली पायजे."

सिगार टिकली. मीच टिकले नाही. जुलैत निकाल लागला आणि मी इंग्रजीत नापास झाले.

बाबा दुसऱ्या दिवशी आले. रागावले नव्हते, तेच जास्त वाईट होतं. जिवतीकडचं एक स्थळ आलं होतं, मुलाची कोरडवाहू शेती, माणसं बरी. "लय झालं बाई," ते सिस्टरबाईला म्हणाले. "तीन वर्सं तुमी सांभाळलं. आमच्यात एवढं शिकली हेच लय. इंग्रजी काई आमच्या घरातली गोष्ट नाई."

बाई त्यांच्याशी वाद घालेल असं मला वाटलं. तिनं डबा आणला आणि बाबांच्या हातात ती तेंदूतली सिगार ठेवली.

"हे काय होये?" बाबा.

"पोरीच्या बी.ए.ची आहे. वर्सभर राखून ठेवली. भिजली, फुटली, हिच्या मायनं टाका घातला. आता भाऊ, तुमी पानवाले. सांगा, हे पेटवू का फेकू?"

बाबांनी ती फिरवून पाहिली. गाठीवर बोट ठेवलं. "ही गठान तिची होये. मी ओळखतो." बराच वेळ त्यांनी ती धरून ठेवली. बाबांनी आयुष्यात पान वाया घातलं नाही. खराब पुडा फळीवाल्यानं बाजूला काढला की तो सोडून ते पुन्हा बांधत. शेवटी ती डब्यात परत ठेवत म्हणाले, "फेकायचं कसं? एवढी मेहनत केली त्याच्यावर. बसू दे पोरीले अजून एक डाव."

स्थळाला नकार कळवायला ते स्वतः गेले.

ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी बाईनं माझं इंग्रजी हातात घेतलं. तिचं व्याकरण दवाखान्यातलं होतं, पण युक्ती तिची स्वतःची. स्वयंपाकघरातला एकेक डबा माझ्या नाकाखाली धरायची आणि त्या वासाबद्दल पाच वाक्यं इंग्रजीत बोलायला लावायची. हिंगावर मी असं काही बोलले की बाई हसून हसून खाली बसली. पण भीती गेली. परीक्षेत निबंध आला तेव्हा मी तो नाकानं लिहिला.

पेपर झाले आणि बाई अंगणात घसरून पडली. कंबरेचं हाड. भाचा जीप घेऊन आला, सिरोंच्याला नेतो म्हणाला. मी सामान बांधत होते. कात्री बांधली, खुर्ची बांधली. डबा बांधायला घेतला तर तिनं माझा हात धरला.

"ते तुझ्यापाशी राहू दे. कवेलू ओला ठेवजो. पास झाली तं घेऊन ये. नाई झाली तं आणू नको. मले दाखवू पण नको."

जीप दरवाज्यातून बाहेर गेली. त्या रिकाम्या घरात मी निकालाची वाट पाहत राहिले. रोज सकाळी चहाच्या आधी कवेलू ओला करायची. डबा उघडला की वास यायचा. थोडा परदेशाचा, बराचसा आमच्या जंगलाचा. गल्लीत ऑटो थांबला की आता माझे हात थांबायला लागले. कुणाची वाट पाहत होते मी? माझा निकाल काही ऑटोनं येणार नव्हता.

निकाल थंडीत लागला. मी डबा मांडीवर घेऊन सिरोंच्याच्या बसमध्ये बसले. आलापल्लीच्या स्टँडवर माय चढली, नव्या लुगड्यात, हातात मोहाची गाठोडी. "पास झाली ना खरं?" तिनं कंडक्टरच्या देखत विचारलं. मी मान हलवली. "कागद दाखव." तिला वाचता येत नव्हतं. तिनं तो कागद पूर्ण रस्ताभर हातात धरला.

बाई नदीच्या बाजूच्या ओसरीवर खाटेवर होती. फार लहान झाली होती. माझ्या हातातला डबा बघितला आणि तिनं काही विचारलं नाही. फक्त भाच्याला म्हणाली, "माही खुर्ची टाक."

आम्ही दोघींनी धरून तिला खुर्चीत बसवलं. समोर प्राणहिता, पलीकडे तेलंगणचा किनारा. चार वाजले असतील. तिला काडी ओढवेना म्हणून चिरफळी मी पेटवली, सिगार तिनं फिरवली. लावली नाही, ज्योतीवरच धरली. पहिला धूर निघाला, तिनं डोळे मिटले. मी आणि माय समोर बसलो. मायला कायदा ठाऊक नव्हता, पण तीही गप्प होती.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, "बाई, कशी आहे?"

"खराब," बाई डोळे मिटूनच म्हणाली. धुराबाबत ती कधी खोटं बोलली नाही. "एकदम खराब. अशी सिगार म्या जन्मात ओढली नाई." मग तिनं ती माझ्यापुढे धरली. "गिळू नको. तोंडात ठेव. काय आहे सांग."

मी धूर तोंडात फिरवला. जीभ भाजली. म्हटलं, "फळीचा वास आहे."

"पहिल्या दिवशी हेच बोलली होती," बाई म्हणाली आणि हसता हसता खोकायला लागली. "तवा चूक होती. आता बरोबर आहे."

माय म्हणाली, "मले द्या एक झुरका." तिनं विडीसारखा छातीत ओढला, डोळे पांढरे केले आणि म्हणाली, "ह्याच्यासाठी एवढं? ह्याच्यापेक्षा आमची विडी बरी." बाई इतकी हसली की भाचा आतून धावत आला.

ऊन उतरत गेलं. राख पांढरी नव्हती, तुकड्यातुकड्यांनी पडत होती. मोह नाही, चारोळी नाही. त्या दिवशी तिनं चवीचं एकही नाव घेतलं नाही. सिगार तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आली. मी बशी पुढे केली. तिनं ती बाजूला सारली आणि ओढत राहिली.

माय म्हणाली, "बाई, सूत जळून राह्यलं."

"जळू दे. आज नाई सोडत."

बोटाला चटका बसेपर्यंत तिनं ती ओढली. मग पदराच्या गाठीतून ती कागदाची अंगठी काढली, रंग गेलेली, सरळ केलेली. तिनं ती पुस्तकातून काढून सोबत नेली होती, हे मला ठाऊक नव्हतं. मी हात पुढे केला. बाईनं माझा हात बाजूला केला, मायचा हात ओढला आणि तिच्या बाराही महिने काळ्या बोटात अंगठी घातली. बोट जाड, अंगठी फाटली. बाईनं थुंकी लावून चिकटवली.

संध्याकाळच्या बसनं आम्ही निघालो. त्यानंतर मला बाई दिसली नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. आम्हाला कळलं तेव्हा तेंदू सुरू होऊन गेला होता.

आता माझ्या घराला सागाचं दार आहे. एका परिचितानं परदेशातून सिगार आणली होती, चांगली, महाग. त्याच्या अंगणात तो ती पेटवत होता, काडी थेट लावून. मी उठून आत गेले. तो वास मी शोधत असते. चांगल्या सिगारीत तो येत नाही. मे महिन्यात फळीवर पाणी शिंपडतात तेव्हा क्षणभर येतो, आणि मी रस्त्यात उभी राहते. माय होती तोवर तीही उभी राहायची. "खराब होती बापा," म्हणायची आणि बोट चोळायची.

मी बी.ए. झाले, द्वितीय श्रेणीत, इंग्रजीसह. आमच्या घरातली पहिली.